हिशेब पुरा, वसुली नाही

‘ख्रिस्तायन’ हातात घेतले, की कथेच्या आधी आपण जरा त्याच्या कर्त्यांकडे पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूचे चरित्र मराठी महाकाव्यात गुंफायला घेतले आणि पहिले दहा-अकरा अध्याय लिहून होतात न होतात तोच १९१९ मध्ये ते गेले. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनीही डोळे मिटले, तेव्हा अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाप, आई आणि लेक अशा तिघांच्या हातून पुरे झालेले दुसरे महाकाव्य मराठीत मला तरी ठाऊक नाही. आणि या तिघांतला वाटा पाहा. नावाजलेला कवी तो नवरा. जिला धड शाळा मिळाली नाही, जिने लिहिणे-वाचणे संसाराच्या रगाड्यात कसेबसे गोळा केले, ती बायको. आणि काव्याचा मोठा भाग तिचा! कवीची विधवा म्हणून हस्तलिखित रेशमी रुमालात बांधून ठेवावे, पुण्यतिथीला बाहेर काढावे, हळहळावे, हा आपल्याकडचा सरधोपट मार्ग. लक्ष्मीबाईंनी ते बाड उघडले आणि जिथे नवऱ्याची लेखणी थांबली होती तिथून पुढे लिहू लागल्या.

वारसा म्हणजे घर, शेत, दागिने असा आपला सर्वसाधारण समज. टिळकांच्या घरात यांतले काही उरण्याची शक्यताच नव्हती, कारण आलेला पैसा दारातून आत येताना जेवढा दिसे तेवढाच. त्यांनी मागे ठेवले ते अपुरे काम. अपुऱ्या कामाचा वारसा हा मोठा विलक्षण प्रकार आहे. तो भोगता येत नाही, तो फक्त पुढे चालवता येतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपराच थोडीफार अशी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, पण त्या काळच्या छापील प्रती कुठे उरल्या नाहीत. भाविकांनी हाताने नकला करून तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या जगवला. पण तिथे लेखक एक आणि नकलाकार अनेक. इथे वारसांनाच लेखक व्हावे लागले.

आता ज्या पुस्तकामुळे हे घर आपल्या ओळखीचे झाले त्या ‘स्मृतिचित्रां’कडे वळू. त्याचा जन्मही असाच कौटुंबिक आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. चरित्राला साधनसामग्री म्हणून मागवलेल्या त्या आठवणींनी मूळ चरित्राला कधीच मागे टाकले, आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले ते पुस्तक मराठी आत्मचरित्रांचा मानदंड होऊन बसले. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून त्यातले गमतीदार उतारे आपण सर्वांनी वाचले आहेत, आणि माझी एक लहानशी तक्रार आहे ती इथेच. त्या उताऱ्यांनी आपला असा समज करून दिला, की एका विसरभोळ्या, तापट, उदार नवऱ्याची आणि त्याच्या सोशिक बायकोची ही विनोदी गोष्ट आहे. विनोद आहेच, आणि तो पहिल्या प्रतीचा आहे. पण तो कोणत्या पोटातून येतो हे पाहिले, म्हणजे हे पुस्तक कृपेविषयी आहे असे मला वाटू लागते. आणि ‘कृपा’ हा शब्द तर बाई फारसा जवळही करीत नाहीत.

पुस्तकाचा आरंभच पाण्याने भिजलेला आहे. लक्ष्मीबाई म्हणजे माहेरची मनू, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. तिच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असे काही ठाण मांडले, की बाजारातून येणारा प्रत्येक जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. धुणे, पुन्हा धुणे, धुतलेले ओवळे झाले म्हणून आणखी एकदा धुणे! त्या ओलसर, गारठलेल्या घरातल्या पोरांचे हाल बाई ज्या सुरात सांगतात तो सूर आपण नीट कान देऊन ऐकावा. त्यात बापाविषयी राग नाही, कीवही नाही. आहे ती एका लहान मुलीची टक लावून पाहणारी नजर, जी चाळीस-पन्नास वर्षांनंतरही तशीच शाबूत राहिली आहे. भीतीपोटी जगाला दाराबाहेर ठेवणारा एक माणूस आणि त्याच्या भीतीत भिजून निघालेले एक घर. वडिलांच्या हयातभर त्या घरात किती पाणी ओतले गेले असेल कोण जाणे, पण कशानेही कोणी स्वच्छ झाले नाही.

हे पाणी ध्यानात ठेवून आपण पुढे वाचू लागलो, म्हणजे एक सुंदर जुळणी उलगडत जाते. टिळकांना आगगाडीत एक अनोळखी गोरा प्रवासी भेटतो, नवा करार हाती ठेवतो, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून उतरून जातो. डोंगरावरील प्रवचनाशी टिळक येऊन थबकतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. एवढा भाग मराठी वाचकाला ठाऊक असतो, कारण तो नाट्यमय आहे. पण बाईंचे काय? नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी येते तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या आहेत, पदरी चिमुकला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त, आहे, आणि आजूबाजूला रडणारी, धीर देणारी, टोचणारी माणसे आहेत. त्या पंढरपूरला बहिणीच्या आधाराने राहतात, झुरतात, आजारी पडतात, आणि त्या विरहातच पहिल्यांदा कविता करू लागतात. नवऱ्याने ज्या देवासाठी घर मोडले त्या देवाशी त्यांचे भांडण आहे; ते भांडण त्या लपवीत नाहीत.

साडेचार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे, आणि नवरा मात्र आपला. हा जो मधला काळ आहे तो मला सबंध पुस्तकातला सर्वांत रसपूर्ण भाग वाटतो. एरवी तापट असणारे टिळक इथे बायकोच्या सोवळ्याला मान देतात, आग्रह धरीत नाहीत, वाट पाहतात. घाईने पेटणाऱ्या माणसाचे हे थांबणे किती अवघड गेले असेल! आणि मग एके दिवशी, कोणाचेही प्रवचन न ऐकता, कोणाशी वाद न घालता, बाई एकट्याच विचार करीत बसतात. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर माणसामाणसाच्या हाडामांसात, जन्मात, मरणात काही फरक त्याने ठेवला नसता का? विचार इतका साधा, की तत्त्वज्ञाने त्याला हसावे. पण तो शेवटाला जातो तेव्हा बाई निश्चय करतात, की यापुढे कोणाच्याही हातचे पाणी आपल्याला चालेल.

कोणाच्याही हातचे पाणी. इथे आपण क्षणभर थांबू. ख्रिस्ती धर्मशास्त्रात तारणाचा विचार केवढा सूक्ष्म आहे. माणूस कर्माने नव्हे तर कृपेने तरतो, ती कमावता येत नाही, फक्त हात पुढे करून घेता येते, यावर पाळकांनी रविवारमागून रविवार घालवले आहेत. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात हा सगळा सिद्धान्त एका तांब्यात मावला. जिच्या बापाने दुसऱ्याच्या स्पर्शाचे पाणी आयुष्यभर दाराबाहेर ओतले, तिने दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यायचे ठरवले. घेणे ही गोष्ट देण्यापेक्षा किती कठीण असते हे ज्याने कधी कोणाचे उपकार घेतले आहेत त्याला सांगायला नको. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या लेखी त्याचा विधी त्या निश्चयाच्या दिवशीच निम्मा उरकला होता. आणि बाईंची कला अशी, की हा प्रसंग त्या कुठेही उंच आवाजात सांगत नाहीत. आकाशवाणी नाही, अश्रुधारा नाहीत. स्वयंपाकघरातल्या एखाद्या व्यवस्थेत बदल केल्यासारखा त्या सांगून टाकतात, आणि पुढच्या गमतीकडे वळतात.

आता त्या विनोदाकडे येतो. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळे उधळतो, परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. त्या गोष्टीत आपले लक्ष धाकट्यावर असते. थोरला भाऊ मात्र शेतातून घरी येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि अंगणातच अडून बसतो. त्याची तक्रार न्याय्य आहे. तो राबला, त्याने काही मोडले नाही, आणि त्याच्यासाठी कधी साधे करडूही कापले गेले नाही. कृपेची खरी कसोटी त्या थोरल्याच्या दारात लागते, कारण कृपा त्याच्या हिशेबात बसत नाही. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलेच नाही.

टिळकांच्या संसारात उधळ्या कोण हे सांगायला नको. फरक इतकाच, की हे उधळणे चैनीचे नव्हते. दारी आलेल्याला, वाटेत भेटलेल्याला, गरज सांगणाऱ्याला आणि न सांगणाऱ्यालाही ते देऊन टाकीत. उद्याच्या तेल-मिठाची काळजी ज्यांनी करायची त्या लक्ष्मीबाई; म्हणजे त्या थोरल्या भावाच्या जागी. आणि त्यांची स्मरणशक्ती तर वाण्याच्या चोपडीसारखी! कोणत्या दिवशी घरात किती पैसे होते, ते कशासाठी ठेवले होते, ते घेऊन टिळक बाहेर पडले ते काय घेऊन परतले, कोणावर रागावले, तो राग किती घटकांनी उतरला, काही म्हणता काही सुटलेले नाही. नोंद पुरती आहे, नावानिशी आहे. पण पानामागून पान उलटत आपण शेवटाकडे जातो तेव्हा ध्यानात येते, की इतकी चोख नोंद ठेवणारी ही बाई वसुलीला कुठेच उभी राहिलेली नाही. झालेल्या जाचाला ती झाकत नाही, नवऱ्याला देवमाणूस ठरवून त्याचे दोष धुऊन काढीत नाही. आणि तरी बाकी मागत नाही. त्या बाकीच्या जागी येतो तो विनोद. क्षमा केली असे म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात कुठेतरी वरचढपणाची छटा येतेच. बाई क्षमेचा उच्चार करीत नाहीत, हसतात, आणि त्या हसण्यात स्वतःलाही सोडत नाहीत. आपला भित्रेपणा, आपला अडाणीपणा, आपले हट्ट सगळे त्याच पंक्तीला बसवतात. नवऱ्याला त्या सबंध पुस्तकभर नुसते ‘टिळक’ म्हणतात. त्या आडनावात दरारा आहे, जिव्हाळा आहे, थोडी मिस्कील अलिप्तताही आहे. जणू आपण दोघी-तिघे मिळून त्या गृहस्थांकडे पाहत बसलो आहोत.

या घराचा परिवार रक्ताच्या नात्यापुरता कधी राहिलाच नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले तिथे वाढली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक मुलगा तिथे आला, राहिला, लेकरासारखा वावरला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने त्याला ‘बालकवी’ केले. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि टिळकांच्या घरातली त्याची जागा त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. मे १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा टिळक साताऱ्यात होते.

साताऱ्याचे हे पर्व लोकांना फारसे ठाऊक नसते. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्न-छप्पनव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली, आणि साताऱ्यात येऊन ‘दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा ख्रिस्तभक्तांचे एकच बंधुमंडळ, ही त्यामागची कल्पना. ती आजही धाडसाची वाटेल. बाप्तिस्म्यासाठी ज्याने घरदार, जात, बायको-पोराचा सहवास डावावर लावला, त्याच माणसाने शेवटी बाप्तिस्म्याचा उंबरठा ओलांडलेले आणि न ओलांडलेले एका सतरंजीवर बसवले. आपण भूगोलही जरा ध्यानात घ्यावा. पलीकडे सज्जनगडावर समर्थांची समाधी, पायथ्याशी उरमोडी, जवळच माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. दासबोधाच्या आणि कीर्तनाच्या या मुलखात ख्रिस्ताचा दरबार भरवायला निघालेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारा होता. त्याला साताऱ्याची हवा मानवली असणार यात नवल नाही. ख्रिस्ताला त्याने गुरू, माउली, सखा अशा हाकांनी बोलावले, आणि त्या हाका इथल्या मातीतल्याच होत्या.

पण लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर? ज्या नवऱ्याने एकदा धर्मासाठी घर सोडले, तो आता पगारही सोडतो. आणि संन्यास घेतो तो बायकोसकट. या प्रसंगावर एखाद्या लेखिकेने कडवट प्रकरण लिहिले असते आणि आपण ते योग्यच म्हटले असते. बाईंची चाल वेगळी आहे. त्या बरोबर जातात, चूल मांडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाहतात. दरबारात राजा कोणीही असो, भाकरी कोण भाजते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. टिळकांना मात्र काळ फार मिळाला नाही. प्रकृती ढासळली, त्यांना मुंबईला नेले, आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचा शेवट झाला. दरबार दोन वर्षांतच विसकटला. व्यवहाराच्या भाषेत हा प्रयोग फसला असेच म्हणावे लागेल, आणि बाईही त्याला उगाच यशाचा मुलामा देत नाहीत.

मात्र दरबार विसकटला तरी भजने राहिली. साताऱ्याहून कृष्णेच्या काठाने खाली सांगली-मिरजेकडे यावे, तिथल्या मराठी मंडळीच्या रविवारच्या उपासनेला बसावे, ‘उपासना संगीत’ उघडावे. टिळकांची रचना सापडल्याशिवाय राहत नाही. मिरजेची ख्रिस्ती परंपरा तशी वेगळ्या मिशनची. डॉ. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. तिथे कृपेचा उच्चार शब्दांपेक्षा टाके घालणाऱ्या, मलमपट्टी करणाऱ्या हातांनी अधिक झाला. आई परिचारिका, लेक परिचारिका, नातही त्याच वाटेवर, अशी घरे मिरजेला नवी नाहीत. विश्वास असा मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. हातातले काम मात्र देता येते. आणि मिरज हे पुन्हा तंबोऱ्याचे, सतारीचे गाव. ओवी-अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवणाऱ्या कवीची भजने, जिथे भोपळा कोरून तंबोरे घडतात त्या गावात म्हटली जातात, या योगायोगात मला तरी मोठी मौज वाटते.

नवरा गेल्यानंतरची लक्ष्मीबाईंची सतरा वर्षे म्हणजे त्या चौसष्ट अध्यायांची वर्षे. ज्या देवाशी त्यांनी भांडण मांडले होते त्याचे चरित्र आता त्या लिहीत होत्या, त्यावर कीर्तने करीत होत्या. एका बाजूला नवऱ्याची गोष्ट गद्यात, हसतखेळत, सगळ्या खाणाखुणांसह. दुसऱ्या बाजूला नवऱ्याने अर्धवट सोडलेली प्रभूची गोष्ट पद्यात. एकाच हातातून उतरलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, म्हणजे दुसऱ्यातली भक्ती पहिल्यातल्या स्वयंपाकघरातून आल्याचे जाणवते. टीकाकारांनी ‘ख्रिस्तायना’ची काव्य म्हणून जी काही मोजमापे केली असतील ती करोत, काही अध्याय सपाट आहेत हे मलाही मान्य आहे. टिळकांच्या भावगीतांतली झेप तिथे सर्वत्र नाही. तरी नवऱ्याचा आवाज जिथे थांबतो आणि बायकोचा सुरू होतो तो सांधा शोधत ते वाचण्यात एक आनंद आहे, जो अधिक निर्दोष काव्यात मिळत नाही.

पुढे नातवानेही हात लावला. अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रां’ची संपूर्ण आवृत्ती साक्षेपाने संपादित केली, म्हणून आज आपल्याला आजीचे पुस्तक सलग आणि सटीप मिळते. तेव्हा वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. शाळेत वाचलेल्या दोन-तीन उताऱ्यांवर किंवा संक्षिप्त आवृत्तीवर समाधान मानू नका. ती संपूर्ण आवृत्ती मिळवा, टिळकांच्या मृत्यूपाशी वाचन थांबवू नका, शेवटचा भाग सावकाश वाचा, आणि जमले तर ग्रंथालयातून ‘ख्रिस्तायन’ही मागवून घ्या.